लाटांचा धडा

दुसऱ्या फॉर्मच्या शेवटी नैरोबीहून एक कागद येतो.
मुलींनी विषयांपुढे खुणा करायच्या.
कागदावर सगळं आहे: फिजिक्स, फ्रेंच, संगीत, विमानविद्या.
आमच्या शाळेत त्यातलं निम्मंही नाही,
पण कागद देशाचा आहे, आणि देश मोठा.

मुख्याध्यापिका एसेकोनबाई कागद वाटण्याआधी
वर्गात येऊन सांगतात,
"फिजिक्सला हात लावू नका. सर गेले."
गेले म्हणजे वारले नाहीत,
बदली घेऊन किसुमूला गेले,
जिथे नळाला पाणी आहे, आणि बायको.

त्या वर्षी एकोणचाळीस मुलींनी ऐकलं.
अरुपेने नाही.
तिची खूण इतकी दाबून केलेली
की खालच्या बाकावर उमटली.
मी नंतर बोटाने चाचपून पाहिली.

"एका पोरीसाठी मास्तर आणू कुठून?"
एसेकोनबाई म्हणाल्या,
आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.
मी नेकेसा, भूगोल शिकवते.
मूळची बुंगोमाची, उसाच्या गावची,
तुर्कानाच्या या वाळूत नऊ वर्षं.
फिजिक्सशी संबंध एवढाच,
की शाळेचा जनरेटर मला लाथ मारून सुरू करता येतो.
"चालेल," त्या म्हणाल्या.

मग रात्री टॉर्चच्या उजेडात शिकायचं
आणि सकाळी शिकवायचं,
तिच्यापेक्षा एक धडा पुढे.
कधी अर्धा.
एकदा तर तीच पुढे होती
आणि मी मागून पानं उलटत होते.

तरफ दाखवली होडी ओढणाऱ्यांकडे बोट करून.
घनतेला एक ताजा मासा, एक वाळवलेला, आणि बादली.
विजेच्या धड्याला माझा रेडिओ उघडला;
तो पुन्हा मिटला नाही, बोललाही नाही.

प्रयोगशाळेत मक्याची पोती असतात.
"व्होल्टमीटरची आकृती काढ," मी म्हणाले.
"बाई, तुम्ही पाहिलाय?"

फळ्यासमोर खोटं बोलायची सवय असते आपल्याला,
हातात खडू असला की ती आपोआप येते.
त्या दिवशी खडू संपला होता.
"नाही," म्हणाले.
तिने वहीत लिहिलं: बाईंनी पाहिलेला नाही.
आणि त्याखाली आकृती काढली, स्वच्छ,
सगळे आकडे जागच्या जागी.

चौथ्या फॉर्मच्या जुलैत लोद्वारहून तपासनीस आले,
गाडीच्या काचा बंद.
शिक्षकाची पात्रता: आहे, नाही.
मी स्वतःच 'नाही'वर बोट ठेवलं.
विद्यार्थीसंख्या: एक.
शेरा: विषय बंद करावा, संसाधनाचा अपव्यय.

संसाधन म्हणजे मी.
माझा अपव्यय होतोय हे वाचून
मला, का कोण जाणे, बरं वाटलं.
आजवर इतकं कुणी खर्चलं नव्हतं मला.

शेरा नैरोबीला पोचून हुकूम परतेपर्यंत
परीक्षा आली. सरकारचा उशीर
एवढा एकदाच आमच्या कामी आला.

फक्त लाटांचा धडा राहिला.
शेवटचा होता, आणि खरं सांगायचं तर
मीच तो मागे मागे ढकलत आणला.
भूगोलात लाटा होत्या, पण त्यांना गणित नव्हतं.
इथे कशाला कशाने गुणायचं
ते संध्याकाळी कळायचं
आणि सकाळपर्यंत उलटं होऊन बसायचं.

पेपर सुटल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.
"लाटांना बावीस मार्क होते, बाई."
एवढंच.

सरोवरावरून रोजचा वारा येत होता.
पाणी रोजच्यासारखं आपटत होतं,
वर्गाच्या खिडकीपासून दोनशे पावलांवर,
आख्खी चार वर्षं.

तिने माझं घड्याळ मागितलं.
किनाऱ्यावर उभी राहून मोजू लागली, ओठ हलवत.
"मिनिटाला एकतीस," म्हणाली.
"आता दोघींमधलं अंतर कसं काढायचं?"

या पाण्यात मगरी असतात.
मी चपला काढल्या.