एकसष्टावा पाहुणा

कील बंदरापासून दोन रस्ते आत, तळघरात
एक काळं कपाट आहे, माणसापेक्षा थोडं उंच.
त्याच्या पोटात एकसष्ट लिनक्स राहतात
आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपलं एकट्याचं.
आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो.
कामाचा शब्द आहे तो, लाडाचा नाही.
वाट्याला आलेल्या मेमरीत पाहुणा मुकाट जेवतो,
कमी पडलं तर मागत नाही,
नुसता हळू होतो.

एक्केहार्ट निवृत्त झाला तेव्हा वही देऊन गेला.
आठ अक्षरांच्या आत बसणारी नावं:
हेरिंग, कॉड, मॅकरेल, स्प्रॉट.
खलाशांच्या पेन्शनचा मासळीबाजार केला होता गड्यानं.
साठ नावांपुढे कामं लिहिलेली.
एकसष्टावा आल, म्हणजे बाम मासा.
त्याच्यापुढे एवढंच: राहू दे.

तीन वर्षं राहू दिला.
मग मार्चअखेर ऑडिटच्या फ्राऊ ब्रोडर्सन आल्या.
हा कोण? काय करतो? कुणासाठी?
तीन प्रश्न, तीन रिकामे चौकोन.
मी पाहिलं: दोन हजार सातशे चार दिवस सलग जागा,
प्रोसेसर शून्य टक्के.
लॉग आम्ही साठ दिवसांचेच ठेवतो.
साठ दिवसांत कुणी त्याचं दारसुद्धा वाजवलं नव्हतं.

शुक्रवारी रात्री सिग्नल पाठवला: आवर.
एकेक सेवा खाली बसली, डिस्क सुटल्या,
हिरव्या अक्षरांनी पडदा भरला
आणि उजव्या कोपऱ्यात आलं ‘मोअर’, पुढे टिंबं.
आता साठ सेकंदांत पडदा आपोआप पुसला जातो.
मी एंटर दाबून तो धरून ठेवला.
का, ते माहीत नाही.
मग सोडला. मग धुतला. सायकल काढली.

एप्रिल गेला, मे गेला.
त्याची डिस्क मी स्प्रॉटला देऊन टाकली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेलवर्म बेटावरून फोन.
टाल्के ल्यूडर्स, वय ब्याऐंशी.
“माझा नवरा जहाजावर चढला तेव्हा ल्यूडर्स होता,
परत आला नाही तेव्हाही ल्यूडर्सच होता.
तुमच्या सहामाही पत्रात
त्याच्या नावाच्या मधोमध हा महिरपी कंस कुणी घातला?”
कंस बंद होणारा होता.
उघडणारा कुठेच नव्हता.

मला तिथेच कळलं.
एका तक्त्यात ज्या जागी दोन टिंबांचा उकार बसतो,
दुसऱ्या तक्त्यात त्याच जागी कंस बसतो.
बुडालेल्या एका जहाजकंपनीची दोनशे बारा खाती
अजून जुन्या तक्त्यात लिहिलेली,
आणि वर्षातून दोनदा, पत्रं छापायच्या आदल्या रात्री,
कुणीतरी उठून त्यांची टिंबं जागेवर ठेवत होतं
आणि पुन्हा सहा महिने पडून राहत होतं.

टेप शोधायला दोन दिवस गेले.
पाहुण्याला शून्यातून उठवायचं
तर त्याला पत्ते वाचायला द्यावे लागतात, भोकं पाडलेले.
पत्ते नाहीत, वाचणारं यंत्र नाही,
कुणी पुसलं नाही म्हणून रीत तेवढी उरली आहे.
आधी कर्नल, मग पॅरामीटर, मग रॅमडिस्क.
क्रम चुकला तर तो उठत नाही.
मी एकदा चुकले.

वीस ओळींची स्क्रिप्ट.
वर एक्केहार्टची टीप:
ल्यूडर्सबाईंनी तक्रार केली. बाई बरोबर आहेत.
पुढचं काम एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर सोपवलेलं.
त्याच्या तळाशी लिहिणाऱ्यांची पाच नावं,
मला एकही नीट उच्चारता येत नाही.
एकानं स्वतःचं नाव टिंबांशिवायच लिहिलंय,
आणि शेजारी, कॉमेंटमध्ये: सध्या असंच.

पत्रं पुन्हा छापली, दोनशे बारा.
फ्राऊ ब्रोडर्सनचे दोन चौकोन भरले.
कुणासाठी, या तिसऱ्यात नाव लिहिलं
तर फॉर्मनं ते घेतलं नाही:
अमान्य अक्षर.