उतार

तळघराला रंग झाला, टेबलं सांगितली चाळीस,
पाटी आली: अभ्यासिका, चोवीस तास.
आणि मधोमध, बसणाऱ्याच्या डोक्यावर,
वरच्या संडासाचा पाईप.

रज्जाक मिस्त्री लेव्हलची नळी धरतो,
भिंतीवर पेन्सिलीची रेघ, जेमतेम तिरकी.
"लातुरात नळ आठ दिवसाला, ताई.
एका मगात सगळं जायला पाहिजे.
उतार कमी, तर तुंबतं.
जास्त दिला, तर पाणी एकटंच पळतं."

संध्याकाळी सोल्युशन वाळलं.
वर सासूबाई बादली ओततात.
आम्ही दोघं, माना वर.

गेलं.

पाईप आता खांबामागून जातो.
त्या टेबलाची फी शंभरानं कमी.
तिथं औशाची एक पोर बसते, रात्रभर.
म्हणते, पाईप वाजला की कळतं,
पाच वाजले.