निशाणी बांगडी

खानापूरच्या रेकॉर्ड रूममध्ये
पानाला चाळीस रुपये दराने
मी मोडी वाचतो.
रुमाल सोडायचा, वाळवी झटकायची,
गाठ पुन्हा तशीच मारायची.

आज निघालं विहिरीच्या पाळीचं खत.
गर्लगुंजीचं. शके अठराशे पाच.
"लिहून देणार गंगव्वा कोम बाळाप्पा मयत.
मंगळवारची पाळी दिली असे.
मोट तुमची, बैल तुमचे.
पाटाकडील अळवास मात्र
पाणी सोडीत जावे."

अळवास!
दमडीच्या कागदावर पावणेदोन ओळी अळवाला.

खाली साक्षीदारांचे तीन नांगर,
मग ती : निशाणी बांगडी.
लेखकाने रिवाजाने लिहून टाकलं असणार.
नवरा जाऊन महिनाच झालेला,
खतातच आहे तसं.
बोरू पुढे केला असेल कुणी
तिच्या मनगटाकडे न बघता.

वर्तुळ जुळलेलं नाही.
तळाशी गव्हाच्या दाण्याएवढी फट.

हडपद क्लार्क कंप्युटरवर रकाने भरतोय.
"येनिदू?"
"बांगडी."
"हां, बळे," म्हणत
त्याने हवेत बोट गोल फिरवलं, पूर्ण.
"आणि सहीची भाषा?"

मी म्हटलं, राहू दे मोकळं.

मोकळा रकाना मशीन घेईना.
दोनदा लाल झालं.
मग आम्ही चहाला गेलो.