दोनशे सत्तर किलोसायकल

आमच्या ग्रुंडिगवर डावीकडे, अगदी टोकाला,
जिथं दुसरं कुठलंच स्टेशन लागत नसे,
तिथं बाबा लागायचे.
डा डिट डिट. डा डिट डिट डिट.
दाबोळीच्या सड्यावर काजूंच्या मागे पत्र्याची एक खोली,
दोन खांब, त्यांच्यामध्ये ताणलेली तार,
आणि श्रीरंग धारगळकर, बीकन अटेंडंट,
महिना एकशे ऐंशी, रात्रपाळीचा चहा वेगळा.

विमानात एक सुई असते, ते सांगायचे.
धुकं असो, काळोख असो, ती आमच्या खोलीकडं तोंड करून राहते.
वैमानिकाला गोवा दिसत नाही,
सुईलाही दिसत नाही, तिला नुसतं ऐकू येतं.
आणि विमान बरोब्बर खोलीच्या डोक्यावर आलं
की ती बावचळते, गर्रकन फिरते,
पाठीमागं बघायला लागते.
“तसं झालं म्हणजे पोचलं.”
पोचल्यावर कुणी असं का वागेल,
मला कळायचं नाही.

एकाहत्तरचा डिसेंबर.
वास्कोत काचांना काळे कागद,
बसच्या दिव्यांना शेण फासलेलं,
चिखलीच्या इगर्जीतली मेणबत्तीसुद्धा पुठ्ठ्याच्या खोक्यात.
आमच्या वाड्यावर वॉर्डन म्हणून रेंदेर कायतान.
माडावर चढून तो बघायचा कुणाच्या घरातून उजेड गळतोय,
आणि वरूनच, नाव घेऊन, शिव्या द्यायचा.

आईनं रेडिओवर पंचा टाकला,
डायलचा पिवळा उजेड झाकायला,
आणि पंच्याला कान लावून बसली.

बीकनलाही ब्लॅकआऊट होता.
फोन आला की दोन मिनिटं चालू, मग बंद.
जो आवाज आपल्याला घरी आणतो
तो दुसऱ्यालाही आणील,
हे नौदलाच्या साहेबानं बाबांना दोनदा समजावलं.
बाबांनी दोन्हीदा मान हलवली.
त्यांना ते दहा वर्षं ठाऊक होतं.

त्या रात्री समुद्रावर एक विमान होतं.
दोन वाजून दहा मिनिटांनी पंच्याखालून
डा डिट डिट.
“जागो आसा,” आई म्हणाली, मला की स्वतःला.
मग खरखर.
पावणेतीनला पुन्हा. आई बोटांवर सेकंद मोजत होती,
एकशेवीसला थांबायची तिला सवय झाली होती.
एकशेवीस झाले.
डा डिट डिट डिट.
दोनशे झाले. तीनशे.
तिनं मोजणं सोडलं
आणि पंच्याचं टोक दातात धरलं.
नऊ मिनिटं. अख्ख्या किनाऱ्यावर तेवढं एकच दार उघडं,
कुणालाही, कुठल्याही देशाच्या सुईला.
मग झुआरीच्या बाजूनं घरघर आली,
कौलं थरथरली,
माडावरून कायतान ओरडला, “आमचेंच! आमचेंच!”
त्याला काळोखात कसं कळलं, देव जाणे.

सकाळी बाबा मेमो डब्यात घालून घेऊन आले,
रिकाम्या भाजीच्या वाटीत घडी करून.
सात मिनिटांचा खुलासा मागितला होता.
त्यांनी काय लिहून दिलं, आम्हाला दाखवलं नाही.

एकसष्टचं मी एकदाच विचारलं, पुष्कळ वर्षांनी.
बॉम्ब पडले त्या सकाळी खोली पोर्तुगीजांची होती,
तार हीच, व्हॉल्व्ह हेच,
पगार एस्कुदोत.
“बाबा, तेव्हा चालू होतं की बंद?”
त्यांनी काटा काढला,
तुकडा माझ्या पानात ठेवला,
म्हणाले, आजचा बांगडा ताजा नाही.

खोली पाडली. वही माझ्याकडं आहे.
सतरा तारखेपर्यंत प्रत्येक रांगेत सुबक अक्षरात ‘लिगादु’.
महिनाभरानंतर त्याच अक्षरात ‘ऑन’.
अठराच्या रांगेत वेळ आहे, सकाळी सहा चाळीस,
वारा आहे, ईशान्येचा, मंद.
पुढचा चौकोन कोरा.
समासात पेन्सिलीनं:
कायतानकडून दोन नारळ,
पैसे द्यायचे राहिले.