तारीख नसलेल्या ओळी

अंबडच्या ऑफिसात रात्रीचे साडेअकरा.
कॉफीचं मशीन नऊलाच बंद होतं.
समोर ओझरच्या शीतगृहाची जुनी लॉग फाइल,
तीन हंगाम, कोल्ड रूम चार, थॉमसन द्राक्षं.
नवी सिस्टिम बसली, ही उद्या मिटवायची.

माझा नियम सोपा होता:
ओळ तारखेने सुरू झाली तर घ्या,
बाकीचा कचरा.
तीन वर्षं अहवाल वेळेवर गेला,
कुणाची तक्रार नाही.

आज सहज कचरा उघडला.

    दार नीट बसत नाही.
    खाली कागदाची घडी लावली आहे.
    गांगुर्डे, रात्रपाळी

पॅटर्न पुन्हा लिहायला घेतला.
टिंबाला काहीही चालतं, पण ओळ मोडली
की ते उंबऱ्यावर थबकतं.
त्याला म्हटलं, ओलांड.
चांदणी हावरी. एका घासात
डिसेंबर ते मार्च गिळून
एकच नोंद करून बसली.
मागे प्रश्नचिन्ह लावलं
तेव्हा कुठे पोटापुरतं घेऊ लागली.
आणि पुढची तारीख दिसली की थांबायचं,
नुसतं डोकावायचं, हात नाही लावायचा,
ती दुसऱ्या नोंदीची.

मग हौशीराम गांगुर्डे सलग वाचता आले.

०२:१४ तापमान उणे एक
    काटा खोटं बोलतो. हाताला दोन लागतंय.
    साहेबांना फोन केला. उचलला नाही.
०३:४० वीजपुरवठा खंडित
    जनरेटर लावला. पेट्या एकट्याने हलवल्या, अकरा.
०५:०५ सर्व ठीक
    निफाडला पारा शून्यावर म्हणतात.
    आज आत बसलेलं बरं.

अहवालात मी लिहिलं होतं:
दाराचा सेन्सर सदोष, दोनशे चौदा वेळा.
खाली माझीच सही.

मोजलं तर एक नोंद कमी.
बराच वेळ कळेना.
शेवटच्या नोंदीनंतर तारीख येत नाही,
पॅटर्न तिची वाट बघतो
आणि मिळाली नाही की
हातातलंही टाकून देतो.
कंसात एक उभी रेघ ओढली:
पुढची तारीख, किंवा फाइलचा शेवट.

    उद्यापासून इथे मशीन बघणार.
    घडी कुणी काढू नये.
    कागद ओला होतो, महिन्याने बदलावा.

सकाळी ओझरला फोन लावला.
कोल्ड रूम चारच्या दाराखाली
कागद आहे का, बघता?

दारं बदलली मॅडम,
सगळी, दिवाळीतच.
कोण बोलतंय?