लांब उजेड

एडिनबरा, पहाटेचे तीन.
तळघरातल्या टाक्यांमधले मासे झोपलेत,
थोरा इस्बिस्टर जागी.
भिंगाखाली, जेलीच्या थेंबात रुतवलेलं
झेब्राफिशचं चार दिवसांचं पोर.
इतकं पारदर्शक, की लपवायला त्याच्याकडे काहीच नाही.

पडद्यावर एक पेशी,
दहा-पंधरा हात पसरून बसलेली,
प्रत्येक हातात कुणा दुसरीचीच तार.
स्वतःचं अंग लाटून लाटून पातळ करते
आणि गुंडाळते, वेढ्यावर वेढा,
ऑर्कनीच्या धक्क्यावर तिचे वडील
खेकड्यांच्या पिंजऱ्याला दोर गुंडाळायचे तशी.
पाठीवर वारा. मधेच थांबून अंगठ्याने चाचपायचे,
बसला का घट्ट?

पेशीही चाचपते. तिचा अंगठा कॅल्शियमचा.
तार बोलली की वेढ्यात ठिणगी,
लुकलुक, विझली,
पुन्हा लुकलुक.
अशा चिमुकल्या ठिणग्या पडत राहिल्या
तर वेढा लांबत जातो.

आणि एखाद्या वेढ्यात उजेड येतो तो जातच नाही.
मोठा, देखणा, ठाण मांडून बसलेला.
पहिल्यांदा दिसला तेव्हा थोरा खुर्चीतून उठली होती,
काय तेज!
उजाडेपर्यंत तो वेढा आक्रसला, सुटला,
पेशीने हात आखडता घेतला.
तार उघडी.
तिने वहीत लिहिलं: उजेड लांब. वेढा गेला.

वडिलांना आता गाठ मारता येत नाही.
बोटं आहेत, पण निरोप वाटेतच गळतो.
रविवारी फोनवर विचारतात, माशांचं काय म्हणतेस?
ती म्हणाली, पेटतात, बाबा.
मग बरंच आहे की.
नेहमीच नाही. जे पेटलेलेच राहतात, ते जातात.
बराच वेळ फोनमध्ये नुसता समुद्र.
मग म्हणाले, त्यात नवल काय,
दीपगृह मिचकतं, पोरी.
रात्री समुद्रात न मिचकणारा दिवा दिसला
तर आम्ही बंदर समजून वळत नसू.
कुणाची तरी होडी जळतेय, समजायचो.

हे ती वहीत लिहू शकत नाही.
समासात एक होडी काढते, खोडते.

पडद्यावर सातव्या हाताशी
लुकलुक.
ती मोजते. अकरा. बारा.
तेराव्याला पोराने शेपूट झटकली,
अख्खं चित्र सरकलं, धूसर झालं,
दोन तासांचं काम पाण्यात.
थोराने ठेवणीतली शिवी हासडली.
मग तिथेच थांबली,
फोकसच्या चाकावर अंगठा ठेवून.

हलली की शेपूट.