अंदाजपत्रक

पहिल्या वर्षी मंडळाचा खर्च
अकरा हजार दोनशे चाळीस.
आकडा पाठ आहे, कारण पावत्या मीच फाडल्या,
मानवतच्या मोंढ्यात, दुकानामागून दुकान,
"एकवीस लिहा" म्हणणाऱ्याला एक्कावन्नवर ओढत.
बनियनी सातच. राखीव गडी
बाद झालेल्याची ओली बनियन अंगात घालून
आत पळायचा.

परभणीत एकोणीस गुणांनी हरलो
आणि परतीच्या टेम्पोत हलगी वाजत होती.
लोक म्हणाले, मुंजानं दोनदा बोनस घेतला की!
लोक म्हणाले, लोण बसला, पण एकच.
रात्री साडेअकराला शेवंताकाकूंनी
परातभर सुशीला केला, वर शेंगदाणे जास्तीचे.
हरून आलेल्यांना इतक्या हौसेनं वाढलेलं
मी पुन्हा पाहिलं नाही.

मग काबराशेठ. जिनिंगवाले.
साडेसहा लाख, एकरकमी, चेकनं.
मॅट आली निळी-पिवळी, नव्या रबराचा वास असलेली,
बूट आले, सांगलीकडचा मार्गदर्शक आला
जो पोरांना पोरं म्हणत नसे,
दोन गडी आले बाहेरून, महिन्याच्या बोलीवर.
शेठ म्हणाले, लोकांना कळू द्या.
वाचनालयाच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं
सहा, पाच, आणि चार शून्यं.

दुसऱ्या दिवशी अन्सारच्या सलूनमध्ये
अर्ध्या गालावर फेस असलेला माणूस भागाकार करत होता:
तेरा सामने. म्हणजे सामना पन्नास हजाराला.
"पन्नास हजारात हरायचं म्हणजे काय?"
आरशातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

जिंतूरला दोन गुणांनी जिंकलो.
गाडी पडद्यांची होती. हलगी कुणी आणलीच नव्हती.
मागच्या सीटवरून एकजण म्हणाला,
"दोनच?"

मी दिवसा जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो.
भरली गाडी तोलायची, मग रिकामी,
धडा वजा केला की उरतो तो कापूस.
माणसं आशा भरून येतात,
रिकामी गाडी काट्यावर कुणी आणत नाही.

सेलूत मुंजाचा घोटा धरला गेला
तेव्हा गर्दीतून आवाज आला,
"पैसे कशाचे घेतो रे?"
मुंजा दुसऱ्या दिवशी काट्यावर आला, लंगडत.
तो आमच्याकडंच गाठी उचलतो.
म्हणाला, "दादा, त्या फळ्यावरच्यात मपलं किती हाय?"
मी वही उघडली.
मॅट. बूट. मार्गदर्शक. बाहेरचे दोन.
प्रवास. नाश्ता.
"नाश्त्यात हायेस," म्हणालो.
तो हसला. मला हसता आलं नाही.

उपांत्य सामना सोनपेठच्या पोरांशी.
एकूण खर्च नऊ हजार, त्यांच्याच खजिनदारानं सांगितला,
सांगताना छाती फुगवून.
मध्यांतरात त्यांचा राखीव गडी
दुसऱ्याची ओली बनियन पिळून घालत होता.
चार गुणांनी हरले ते आमच्याकडून
आणि मैदानातच नाचायला लागले,
एकानं पत्र्याचा डबा उलटा धरलेला, दुसरा काठीनं बडवतोय.
आमचे लोक अंतिम फेरीत पोचलेले,
खुर्च्यांवर बसून
वाईट पकडींची यादी करत होते.
फक्त शेवंताकाकू उठल्या, पदर खोचला,
आणि त्या पोरांना विचारलं, जेवलात का रे?

त्या रात्री मी वाचनालयापाशी गेलो,
रुमाल ओला केला, फळा पुसला.
शून्यं आधी पुसली, ती लवकर जातात.
सहाचं पोट बराच वेळ दिसत राहिलं.

सकाळी पाहतो तर
कुणीतरी आकडा परत लिहून ठेवलेला,
माझ्यापेक्षा ठळक अक्षरात,
आणि पन्नास हजार वाढवून.